लेकीला जर्मनीला पाठवायचंय: नावाचं स्पेलिंग, गुंठेवारीचं घर आणि कन्सल्टंटचं पॅकेज

नीलमनगर_टॉवेल

नमस्कार मंडळी. इथं वाचत असतो, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

मी सोलापूरचा. नीलमनगरात घर, घरामागच्या शेडमध्ये टेरी टॉवेलचे आठ लूम. धाकटी लेक इथंच मेकॅनिकल झाली, 2025 ला, सीजीपीए 7.8. आता चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिला टेक्स्टाइल मशिनरीत मास्टर्स करायचंय आणि तेही जर्मनीतच. ऑक्टोबर 2026 ची बॅच धरायची म्हणते. मी नाही म्हणत नाही. पण ज्यातलं कळत नाही त्यात पैसा घालायची मला सवय नाही, म्हणून विचारतोय.

पहिलं त्रांगडं नावाचं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग माझं. डिग्रीवर तसंच, फक्त आडनावातला एक 'एच' गायब. आणि पासपोर्टवर आडनावाचा रकानाच मोकळा, सगळं नाव एकाच ओळीत कोंबलेलं. आम्हा तेलुगू लोकांच्या आडनावांचं सोलापुरात काय होतं ते माहीतच आहे तुम्हाला. आम्ही भाऊ चार, स्पेलिंगंही चार.

दुसरं, पुण्यातला एक कन्सल्टंट. पॅकेज 1 लाख 80 हजार. म्हणतो, 7.8 ला सरकारी युनिव्हर्सिटी विसरा, बर्लिनला एक खाजगी कॉलेज आहे, फी वर्षाला 12 हजार युरो, ॲडमिशनची गॅरंटी. एसओपी (हाच कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र), व्हिसाची फाइल सगळं तोच करणार. पोरगी म्हणते, या माणसाच्या तोंडून टेक्स्टाइल हा शब्दच येत नाही, सारखं 'मॅनेजमेंट घ्या' चाललेलं असतं.

तिसरं पैसा. ब्लॉक्ड अकाउंट म्हणून बारा लाख भरावे लागतात म्हणे. घर आहे, पण गुंठेवारीतलं. बँकेत गेलो तर साहेबांनी उतारा बघूनच फाइल परत सरकवली. घरात हिनं पाटल्या काढून ठेवल्यात. मेहुणे म्हणतात, चौघांकडून पैसे फिरवून खात्यावर दाखवा, व्हिसा झाला की ज्याचे त्याला देऊन टाका. असं चालतं का?

कडू असलं तरी चालेल, पण खरं सांगा.


बार्शीनाका

काका, कन्सल्टंटला ॲडव्हान्स दिलाय का? दिला नसला तर देऊ नका. गॅरंटी मिक्सरवर देतात, ॲडमिशनवर नाही. बाकी जाणकार सांगतीलच.


एल्बेकाठी

काका, मी भवानी पेठेतली. ड्रेस्डेनला आले ती टेक्स्टाइलसाठीच, आता इथंच कामाला आहे. जरा लांबण लावते, चहा घेऊन बसा.

आधी पासपोर्ट. बाकी सगळं नंतर. कारण आयईएलटीएसचा फॉर्म पासपोर्टवरच्या नावाने भरायचा, एपीएस (मार्कशीटांची तपासणी, पुढं सांगते) त्याच नावाने, ॲडमिशन लेटर, ब्लॉक्ड अकाउंट, इन्शुरन्स, व्हिसा, सगळं त्याच नावाला बांधलेलं. आडनावाचा रकाना मोकळा ठेवून पुढं गेलात तर इथल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तिचं आडनाव वेगळं उमटेल, आणि मग वर्षभर खिडक्यांवर खुलासे देत फिरावं लागेल. हेड पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात रि-इश्यू टाका, आधार दहावीच्या सर्टिफिकेटचा घ्या, आडनाव आडनावाच्या रकान्यात घाला. आयईएलटीएसची फी त्याआधी भरू नका. डिग्रीवरचा एच राहिला, त्यासाठी केगावला युनिव्हर्सिटीत दुरुस्तीचा अर्ज द्या. तो होईपर्यंत 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र फाइलला लावा.

केगावला जातेच आहे तर तिला अजून एक काम सांगा. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेडचा एकत्र उतारा) काढताना त्यावर कमाल ग्रेड किती आणि पास व्हायला किमान किती, हे छापून येतंय का बघायचं. येत नसेल तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्यायचं, सही-शिक्क्यासकट. लोकांना हे फालतू वाटतं. पण जर्मन लोक आपला सीजीपीए त्यांच्या पट्टीत बसवतात तो याच दोन आकड्यांवरून. त्यांच्याकडं 1 सगळ्यात चांगला आणि 4 म्हणजे जेमतेम पास. हिशोब असा: कमालमधून तिचा सीजीपीए वजा, त्याला 3 ने गुणा, कमाल आणि किमान यांच्यातल्या फरकाने भागा, त्यात 1 मिळवा. कमाल 10 आणि पासिंग 4 धरलं तर तिच्या 7.8 चे होतात 2.1. तेच पासिंग 5 धरलं तर 2.3 च्या वर जातं. बऱ्याच कोर्सना अट 2.5 ची असते, तिथं दोन्ही चालतं, पण काही ठिकाणी हा फरक नडतो. मार्कशीटच्या पाठीमागं ग्रेडची पट्टी छापलेली असेल तर मागची बाजूही स्कॅन करायला सांगा. झेरॉक्सवाले पुढचीच बाजू काढून देतात.

आता कळलं ना, 7.8 ला सरकारी मिळत नाही हे किती खरं ते? पुण्याच्या त्या गृहस्थांना मी ओळखत नाही, पण हा धंदा कसा चालतो ते माहितीय. खाजगी कॉलेजं विद्यार्थ्यामागं कमिशन देतात. सरकारी युनिव्हर्सिटी एक पैसा देत नाही. मग कोण कशाला तिचं नाव घेईल! डीएएडी या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या साइटवर सगळे कोर्स फुकट शोधता येतात, भाषा इंग्रजी आणि विषय टेक्स्टाइल टाकून बघा. आखेनच्या आरडब्ल्यूटीएचला टेक्स्टाइलची मोठी इन्स्टिट्यूट आहे, ड्रेस्डेनला आहे, मॉन्शेनग्लाडबाखला हॉखशूल नीडरऱ्हाइनची अख्खी टेक्स्टाइल फॅकल्टी आहे, हॉफ युनिव्हर्सिटीचा म्युन्शबेर्गला कॅम्पस आहे. रॉयटलिंगेनही चांगलं, पण ते बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, तिथं युरोपाबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. म्युनिकच्या टीयूने (टेक्निकल युनिव्हर्सिटीने) 2024 च्या हिवाळ्यापासून आपल्यासारख्यांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरमागं 4 ते 6 हजार युरो. बाकी बहुतेक सरकारी ठिकाणी शिकवणीची फी नाही, फक्त सेमिस्टरचा वर्गणीवजा खर्च, साधारण 100 ते 350 युरो. काही युनिव्हर्सिटी थेट अर्ज घेतात, काही युनि-असिस्टमार्फत, म्हणजे अनेक युनिव्हर्सिटींचे अर्ज एकत्र तपासणारी संस्था. युनि-असिस्टला पहिल्या अर्जाचे 75 युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला 30. पाच ठिकाणी टाकलं तरी 195 युरो, म्हणजे वीस हजारांच्या आसपास. 1 लाख 80 हजार कुठं आणि हे कुठं.

तारखा मात्र फसव्या असतात. हिवाळी सेमिस्टरला 15 जुलै ही सर्वसाधारण शेवटची तारीख म्हणून सगळीकडं दिसते, पण इंग्रजी मास्टर्सची दारं मार्च, एप्रिल, मेमध्येच बंद व्हायला लागतात. प्रत्येक कोर्सच्या पानावर जाऊन बघायचं.

एपीएस. हे 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं झालं. दिल्लीचं ऑफिस तुमची मार्कशीटं खरी आहेत का ते तपासतं आणि सर्टिफिकेट देतं, फी 18,000. ते नसेल तर व्हिसाची फाइल पुढं सरकत नाही, आणि अनेक युनिव्हर्सिटी अर्जालाच मागतात. नवा पासपोर्ट हातात आला की त्याच आठवड्यात अर्ज टाकायला सांगा, कारण तपासणीला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नाही. सर्टिफिकेटला मुदत नसते, यंदा नंबर लागला नाही तरी पुढच्या वर्षी तेच चालतं.

मेहुण्यांच्या आयडियाचं. इथं पैसे 'दाखवायचे' नसतात, पाठवायचे असतात. सध्याची रक्कम 11,904 युरो. ती लेकीच्या नावाने जर्मनीतल्या ब्लॉक्ड अकाउंटला जाते आणि ती इथं पोचून तिचं खातं उघडलं की महिन्याला 992 युरो सुटतात. उरलेले कुलपात. म्हणजे चौघांचे पैसे परत द्यायचे तर वर्षभर हप्त्याने द्यावे लागतील आणि पोरगी खाणार काय? एक चांगली गोष्ट, हे पैसे फी नाहीत, तिचेच आहेत. व्हिसा नाकारला तर नकाराचं पत्र दाखवून परत मिळतात, सेवेचे थोडे कापून. जर्मनीत राहणारं जवळचं कुणी असेल आणि ते तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन खर्चाची रीतसर हमी देणार असतील तर ब्लॉक्ड अकाउंटशिवायही भागतं. पण ती हमी म्हणजे कायद्याने अंगावर घेतलेली जबाबदारी आहे, लग्नकार्यात भेटलेल्या लांबच्या भाच्याला ती मागू नये.

992 मध्ये भागतं का? ड्रेस्डेनसारख्या गावात भागतं. त्यातले दीडशेच्या आसपास हेल्थ इन्शुरन्सला जातात, तीनशे-साडेतीनशे होस्टेलला. होस्टेलचा अर्ज ॲडमिशन लेटर आलं त्याच दिवशी टाकायचा, तिथली यादी लांबलचक. म्युनिकला 992 मध्ये निभणं अवघड आहे, आणि कन्सल्टंट शहर निवडताना हे सांगत नाहीत.

व्हिसा. महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या हद्दीत येतो. आता आधी त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर फॉर्म आणि कागद चढवायचे, ते तपासून झाले की अपॉइंटमेंट, तिथं बोटांचे ठसे आणि मूळ कागद. फी 75 युरो. सिद्धेश्वरने रात्री बसली की सकाळी दादरला. यातली नवीन आणि महत्त्वाची गोष्ट ही की, पूर्वी व्हिसा नाकारला तर वकिलातीकडंच फेरविचार मागता यायचा, ती सोय 1 जुलै 2025 पासून बंद झाली. आता एकतर नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात. म्हणून पहिल्यांदाच फाइल पक्की पाहिजे. आणि ते मोटिव्हेशन लेटर, म्हणजे तुमची ती एसओपी, कन्सल्टंटकडून लिहून घेऊ नका. त्यांच्याकडं एकच साचा असतो, 'लहानपणापासून मला अभियांत्रिकीची आवड'. तुमच्या लेकीच्या घरामागं आठ लूम आहेत! टेरीची पाइल नीट का येत नाही, बीमवरचं टेन्शन सुटलं की काय होतं, हे तिनं दहा वर्षांची असताना पाहिलंय. ते लिहू दे. इथल्या प्रोफेसरना असं काही वाचायला मिळत नाही. आमच्या लॅबमध्ये जकार्डवर कार्बन फायबर विणतात. व्हिडिओ घरी आमच्या दादांना पाठवला तर त्यांचा पहिला प्रश्न, 'तार तुटल्यावर गाठ कोण मारतंय?' बरोबर तोच प्रश्न आहे, त्यावर इथं पीएचड्या चालल्यात.


नीलमनगर_टॉवेल

ताई, फार उपकार. पोरीला वाचून दाखवलं, ती बीमच्या टेन्शनपाशी हसली. गड्ड्याची जत्रा झाली की पासपोर्टच्या मागं लागतो, जत्रेत हेड पोस्टाकडं गाडी नेणं जमायचं नाही. फी नाही हे कळल्यावर जरा हलकं वाटलं, पण बारा लाख आणि तिकीट, इन्शुरन्स धरून चौदा तरी उभे करावे लागतील. गुंठेवारीचं कुणी सांगेल का?


सर्चरिपोर्ट

रिटायर झालोय, पण आयुष्य कर्जखात्यात गेलं, त्यामुळं राहवत नाही.

मालक, बँकेच्या साहेबांचं चुकलं नाही, पण अर्धंच सांगितलं त्यांनी. गुंठेवारीचं घर तारण घेत नाहीत, कारण वकिलाचा सर्च रिपोर्ट स्वच्छ येत नाही: जमीन एन.ए. नाही, मंजूर नकाशा नाही, उताऱ्यावर सामायिक नावं. पण गुंठेवारी नियमित करता येते. 2001 चा कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात आली. इंद्रभुवनला महापालिकेत चौकशी करा. प्रमाणपत्र आणि नकाशा हातात आला की हेच घर बँक बघायला तयार होते. फक्त ते ऑक्टोबरच्या आत होईल या भरवशावर बसू नका. ते काम घरासाठी करा, पोरीच्या ॲडमिशनसाठी नको.

यंदासाठी दुसरा रस्ता. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय बसतं, पालक सहकर्जदार म्हणून. त्याहून जास्त रकमेला तारण लागतं, पण ते तुमचंच घर पाहिजे असं कुठं लिहिलंय? एफडी चालते, एलआयसीच्या पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू चालते, चार भावांपैकी कुणाचा मंजूर नकाशाचा फ्लॅट असेल आणि तो जामीन राहायला तयार असेल तर तो चालतो. परदेशच्या कर्जाला साधारण 15 टक्के मार्जिन स्वतःचं घालावं लागतं. विद्यालक्ष्मी पोर्टलवर एकदाच फॉर्म भरून वेगवेगळ्या बँकांकडं टाकता येतो, एका शाखेत फाइल सरकवली म्हणून सगळ्या बँका संपल्या नाहीत. कोर्स आणि त्यावर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. जमेल तसं ते भरत राहा, नाहीतर हप्ता सुरू होईपर्यंत मुद्दल फुगलेलं दिसेल.

बँक बघणार तुमची रिटर्न्स. पॉवरलूमवाल्यांचं मी आयुष्यभर बघितलंय, दारात नवी गाडी आणि रिटर्न तीन लाखाचं. जेवढं दाखवलंय तेवढीच परतफेडीची ताकद धरली जाते, तिथं तोंडी हिशोब ऐकत नाहीत.

पाटल्या मोडू नका. गोल्ड लोन घ्यायचंच तर मार्जिनपुरतं घ्या. सगळी रक्कम सोन्यावर उचलली तर त्याला दोन-तीन वर्षांची सवड मिळत नाही, पोरगी पहिल्या सेमिस्टरला असतानाच फेडायची वेळ येते. आणि पैसे पाठवताना लक्ष ठेवा. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेले तर टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) कापत नाहीत. स्वतःच्या खात्यातून वर्षाला 10 लाखांवर गेले की कापतात. रिटर्नमध्ये वळता होतो तो, पण तोवर अडकून पडतो.


विमाप्र_वाचक

काका, तुम्ही पद्मशाली असाल तर एसबीसीचा (विशेष मागास प्रवर्गाचा) दाखला असेलच. राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलांसाठी परदेश शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि युनिव्हर्सिटी क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये पाहिजे. ताईंनी सांगितलेल्यापैकी आखेन त्यात बसतं, मॉन्शेनग्लाडबाख बसत नाही. जागा मोजक्या, म्हणून त्यावर सगळं अवलंबून ठेवू नका, पण उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. (सर्चरिपोर्ट काकांचं तीन लाखाचं रिटर्न इथं उपयोगी पडेल!)


बार्शीनाका

एक आगाऊ प्रश्न. तिकडं मंदी चाललीय म्हणतात. शिकून नोकरी मिळलालीय का खरंच?


एल्बेकाठी

आगाऊ नाही, हा प्रश्न आधी विचारायला हवा. गाड्यांच्या कंपन्यांत माणसं कमी करतायत, हे खरं आहे. टेक्स्टाइल मशिनरीवाले बहुतेक मध्यम कंपन्या, छोट्या गावांत. तिथं नोकरी आहे, पण फोरमनशी जर्मनमध्ये बोलता आलं तर. कोर्स इंग्रजीत असला म्हणून गाव इंग्रजीत नसतं. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला 18 महिने राहता येतं, आणि ज्यांची जर्मन बी-1 (मधली पातळी) च्या खाली आहे ते त्यातला बराच काळ भाषेच्या क्लासलाच घालवतात. म्हणून लेकीने आत्ताच ए-1, म्हणजे पहिली पातळी, सुरू करावी. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनचे ऑनलाइन वर्ग असतात, चिंचोळीची नोकरी सांभाळून होतं. शिकताना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं. 2026 पासून किमान मजुरी तासाला 13.90 युरो आहे. पण पहिल्या सेमिस्टरला कामाचा पैसा हिशोबात धरू नका, परीक्षा अंगावर येतात.


नीलमनगर_टॉवेल

सगळ्यांचं वाचलं. मधल्या भावाचा जुळे सोलापुरात फ्लॅट आहे, मंजूर नकाशाचा. काल त्याच्याकडं जाऊन बसलो. तो हो म्हणाला, वहिनी अजून काही बोलली नाही. कन्सल्टंटला पोरीनेच फोन करून नको म्हणून सांगितलं. तो म्हणतो 1 लाख 20 मध्ये करून देतो.

सर्चरिपोर्ट साहेब, फ्लॅट भावाच्या आणि वहिनीच्या दोघांच्या नावावर आहे. दोघांनाही सही करायला यावं लागेल का?


सर्चरिपोर्ट

दोघांनाही. शिवाय सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि त्यांचं स्वतःचं होमलोन चालू असेल तर त्याची बाकी किती ते बघा. बाकी असेल तर मूळ कागद त्या बँकेकडं असतात, मग दुसऱ्या बँकेत तारण द्यायला लई फिरवतात. तसं असेल तर अर्ज त्याच बँकेत टाका. आणि वहिनींना फाइल झाल्यावर नाही, आत्ताच बरोबर घेऊन शाखेत जा.